आढ्याचं पाणी वळचणीला : आमची वाटचाल

2009 साली गिरगावातल्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, मी आणि माझा पॉलिटेक्निकचा मित्र अशा दोघांनी ड्राफ्टिंगचं काम सुरू केलं. दोन कॉम्प्युटर, ऑटोकॅड हे नकाशे काढायचं सॉफ्टवेअर आणि आर्किटेक्टांकडून येणारी सबमिशन ड्रॉइंग, म्हणजे मंजुरीसाठी द्यायचे नकाशे. सगळ्या इमारती सपाट स्लॅबच्या. दोन वर्षं बरी गेली.

मग अलिबागजवळच्या एका कौलारू बंगल्याचं काम आलं. मुख्य घराची रुंदी 6 मीटर, छपराचा उतार 30 अंश. त्याला काटकोनात जोडलेली 4 मीटर रुंदीची विंग. मालकांना दोन्ही आढी, म्हणजे छपरांचे सर्वांत वरचे कणे, एकाच उंचीवर हवी होती. दोन पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, आतल्या कोपऱ्यावर जिथे मिळतात ती खोलगट रेघ म्हणजे वॅली. ती आम्ही प्लॅनमध्ये सवयीने 45 अंशांत ओढली आणि ड्रॉइंग पाठवून दिलं.

वासे चढल्यावर साइटवरून फोन आला. गेटवेहून पहिली बोट पकडून मांडव्याला उतरलो. बघतो तर कोपऱ्यावर दोन वळचणी, म्हणजे छपरांच्या खालच्या कडा, जुळत नव्हत्या. विंगची वळचण जवळजवळ सात इंच खाली. सुतारकाका सत्तरीचे. रागावले नाहीत. कोपऱ्यापासून आढ्यापर्यंत दोरी ताणली, ओळंबा सोडला आणि म्हणाले, “भाऊ, रुंदी कमी आणि आढं तेवढंच उंच, म्हणजे उतार वाढणार. उतार वाढला की वळचण खाली येणार. कोपऱ्यातलं पाणी कुठून जाणार ते आधी ठरवायचं, आढं मागून.”

आकडेमोड मी त्या रात्री घरी येऊन केली. मुख्य घराच्या अर्ध्या रुंदीत, म्हणजे 3 मीटरमध्ये, आढं 1.73 मीटर चढतं. विंगला तेवढंच 2 मीटरमध्ये चढायचं, म्हणजे उतार जवळजवळ 41 अंश. भिंतीबाहेर दोन्हीकडे 600 मिलिमीटर ओव्हरहँग दिला होता, त्यामुळे भिंतीच्या माथ्यापासून मुख्य घराची वळचण 346 मिलिमीटर खाली आणि विंगची 520. विंगचा ओव्हरहँग 400 केला की दोन्ही 346 वर येतात. वॅलीही 45 अंशांत राहत नाही; विंगच्या आढ्याशी ती सुमारे 34 अंशांचा कोन करते. काकांची दोरी नेमकी त्याच रेषेत होती.

वासे पुन्हा कापून बसवण्याचा खर्च आम्ही दिला. तीन महिन्यांची कमाई गेली. चूक आमचीच होती, त्यामुळे घासाघीस करायचा प्रश्नच नव्हता.

त्यानंतर आम्ही रेव्हिट हे इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करणारं सॉफ्टवेअर शिकलो आणि छपरांचंच काम मागू लागलो. सॉफ्टवेअर घेतलं की कोपरे आपोआप जुळतात, असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. भिंतींचे माथे एका पातळीत असतील तर सगळं छप्पर एकाच स्केचमध्ये काढायचं आणि प्रत्येक कडेला तिचा उतार द्यायचा. वॅली आणि आढी रेव्हिट स्वतः काढतं. दोन छपरं वेगळी काढून ‘जॉइन रूफ’ने चिकटवायची ती माथे वेगवेगळ्या उंचीवर असतील तेव्हाच. उतार वेगळे असतील तर वळचणी एका पातळीत आणणारं ‘अलाइन ईव्ह्ज’ आहे, पण ते विचारतं : उंची बदलू की ओव्हरहँग? ते उत्तर आपलं आपणच द्यायचं असतं. म्हणून आमच्याकडे नवा मुलगा किंवा मुलगी आली की माउस हातात घेण्याआधी कागदावर वळचणीची उंची लिहायची. मग प्रत्येक पाख्यावर पाण्याचा बाण. दोन बाण एकमेकांवर येऊन अडले, तर तिथे पाणी तुंबणार. मुंबईच्या जुलैत अशी जागा आठवडाभरही टिकत नाही.

आज दादरला आम्ही सात जण आहोत. गेल्या वर्षी गिरगावातल्याच एका वाडीतल्या जुन्या घराचं मोजमाप केलं. पोटमाळ्यावर टॉर्च धरून, वासा-वासा मोजत. तिथलं आढं मधोमध 40 मिलिमीटर खाली बसलेलं. मॉडेलमध्ये सरळ आढं काढणं दहा मिनिटांचं काम होतं. पण जुने वासे तेच राहणार होते, म्हणून आम्ही आढ्याचा बाक तसाच काढला, प्रत्येक वाशाची उंची वेगळी लिहिली आणि वॅलीचा पत्रा त्या मापाने कापायला दिला. पत्रा पहिल्या फटक्यात बसला. मी तेव्हा शिडीवरच होतो.