टपालपेटीवरचं नाव

आजचा दिवस जर्मनीतल्या वास्तव्य परवान्यांच्या शंकांतच गेला. त्याच त्या चुका, म्हणून एकदाच लिहितोय.

परवान्याच्या कार्डाची मुदत संपायच्या आत नव्याचा अर्ज गेलाच पाहिजे. वेळेत गेला की निकाल लागेपर्यंत जुने हक्क चालू राहतात, नोकरीसकट. मधल्या काळात ‘फिक्त्सिओन्सबेशाइनिगुंग’ नावाचा कागद मिळतो. तो उघडून आतली फुली बघा. वास्तव्य कायद्याच्या कलम 81, पोटकलम 4 समोर असेल तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. पोटकलम 3 समोर असेल तर त्या कागदावर परत येता येत नाही, तिकीट काढू नका.

कायम परवान्याचा सर्वसाधारण मार्ग: 5 वर्षं वास्तव्य, पेन्शनसाठी भरलेले 60 हप्ते, बी1 म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन. ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित नोकरदारांचा परवाना) 27 महिने, बी1 असेल तर 21च. (एवढ्यासाठी तरी भाषा शिका राव!) कायम परवाना मिळाल्यावरही निवांत होऊ नका. सलग 6 महिन्यांहून जास्त बाहेर राहिलात तर तो सहसा आपोआप रद्द होतो. घरी कुणाच्या आजारपणासाठी जायचंय? आधी परदेशी नागरिक कचेरीतून जास्तीची मुदत लेखी घ्या.

घर बदललं की 2 आठवड्यांत नोंदणी. नुसता भाडेकरार पुरत नाही, घरमालकाच्या सहीचा वेगळा दाखला लागतो. आणि टपालपेटीवर, बेलवर स्वतःचं नाव लावा. पोटभाडेकरू हमखास विसरतात, मग कचेरीचं पत्र आल्या पावली परत जातं आणि तारीख हुकते. चिठ्ठीवर स्पेलिंग पासपोर्टातलंच लिहा.