लवणासुराला सोमवारची सुट्टी

मंगळवार, रात्र

आमच्या मनातल्या गावाचा, खापरनगरचा नकाशा अजून दिवाणावरच आहे. गुंडाळून ठेवावा म्हणून दोनदा हातात घेतला आणि दोन्ही वेळा परत वाचत बसले. वाचायचं तरी काय, एवढीशी ओळ. ‘आत्या – पाणी आलं की सगळ्यांना उठवणार.’ हिरव्या स्केचपेनने, खाली रेघ मारून.

दादा ढगांचा डॉक्टर झालाय. वहिनीकडे उडत्या बागा आहेत, आठच्या आठ. आजीलासुद्धा घर दिलंय दादाच्या चिमीने, वेशीतून आत शिरल्यावर पहिलंच, आणि काम दिलंय ‘आलेल्या माणसाला ओळखणे’. शेवटच्या वर्षात आजीला आमच्यातलं कोण ओळखू येत होतं... ते राहू दे. ज्या गावात पायऱ्या आपणहून वर चढतात आणि घरं पावसाळ्यात कूस बदलतात, त्या गावातही मी रात्री दोनला पाण्यासाठीच जागी आहे. कालपासून हे एवढंच घशात अडकून बसलंय.

खापरनगर आम्ही दिवाळीच्या सुट्टीत वसवायला घेतलं. चार चार्टपेपर चिकटवून. पहिला नियम चिमीचा: बाहेरून काही आणायचं नाही. दूध, भाजी, वीज, सगळं गावातच झालं पाहिजे, टँकर तर वेशीपाशीसुद्धा दिसता कामा नये. मी म्हटलं, मग पाण्यापासून सुरुवात करू, कारण पाणी ठरल्याशिवाय गाव ठरत नाही. देवगिरीचं तिला सांगितलं होतंच. तुघलकाने 1327 मध्ये दिल्लीहून राजधानी इथे आणली आणि काही वर्षांत परत नेली, त्याच्या कारणांत पाण्याच्या टंचाईचंही नाव घेतात. किल्ल्यावरचा तो हत्ती हौद बघून ती म्हणाली होती, एवढा मोठा हौद आणि त्यात पाणी नाही?

म्हणून तिला पाणचक्कीला घेऊन गेले. दर्ग्याच्या आवारात ती भिंत आहे ना, जिच्या माथ्यावरून पाणी खाली हौदात पडतं, तिथे उभं करून विचारलं, मोटार दिसतेय का कुठे? ती भिंतीच्या मागे जाऊन बघून आली. मग सांगितलं. उत्तरेच्या डोंगराकडून जमिनीखालून, खापराच्या नळांतून, नुसत्या उताराने पाणी आलंय. जितक्या उंचीवरून निघालं जवळपास तितकंच ते बंद नळातून वर चढतं. याच पाण्यावर दगडी जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ व्हायचं. हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचं छत, म्हणून ते दालन उन्हाळ्यातही गार. चिमीने छताला हात लागतो का बघितलं, लागला नाही, तर खांबाला गाल लावून उभी राहिली.

मलिक अंबरही तिला मीच सांगितला. हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा वजीर झाला. 1610 साली त्याने खडकी वसवली, तीच आजचं आपलं छत्रपती संभाजीनगर, आणि शहराला नहर दिली, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारा कालवा. नहरीच्या वाटेवर ठरावीक अंतराने उंच बंबे बांधले, कारण नळात हवा अडकली की पाणी पुढे सरकत नाही, हवेला बाहेर पडायला वाट हवी. हे चिमीला भारी आवडलं. खापरनगरात तिने तेरा बंबे काढले आणि प्रत्येकाला नाक काढलं.

एवढं सगळं मी शिकवलं. आणि नहरीचा सगळा अभ्यास ज्या बाईने करून दिला, तिला त्या गावात काम काय, तर उठवायचं.

मिठावर आमचं दोन दिवस अडलं होतं. जुन्या काळातल्या गावातही मीठ आणि लोखंड बाहेरूनच यायचं, मी म्हटलं, मिठाला सूट देऊ. ती ऐकेना. मग लोणारची सहल आठवली तिला, ते खारं सरोवर, आणि दैत्यसूदनाच्या देवळात ऐकलेली लवणासुराची गोष्ट. विष्णूने त्याला मारलं हे तिला पटलेलंच नाही. म्हणाली, मारायचं कशाला, कामाला ठेवू. म्हणून खापरनगरच्या दक्षिणेला खड्ड्यात लवणासुर राहतो. त्याला दुष्ट असल्याचा पश्चात्ताप झालाय, तो रडतो, सरोवर भरतं, लोक मीठ काढून नेतात. त्याला दुपारचं जेवण गावाकडून. शिवाय सोमवारी सुट्टी, तसं स्पष्ट लिहिलंय, ‘सोमवारी लवणासुर रडणार नाही’.

मला सुट्टी लिहिलेली नाही.

राक्षसाशी बरोबरी करत बसावं असं माझं वय नाही, हे कळतं मला. तरी काल ताटावर बसले तेव्हा घास उतरेना. वहिनी म्हणाली, भाजीत मीठ जास्त झालंय का, आणि मी उठून बेसिनपाशी गेले. मुलं खोटं लिहीत नाहीत. ती रोज जे बघते तेच तिने लिहिलंय. आमच्या गल्लीत पाणी सातव्या दिवशी, तेही रात्री, आणि नेमकं किती वाजता ते कुणीच सांगत नाही. मी नळ उघडा ठेवून खाली स्टीलचं पातेलं उपडं घालते. आधी हवा येते. फुस्स, मग थांबते, मग नळ खोकल्यासारखा दोनदा हिसका देतो, पातेल्यावर गढूळ थेंब तडतडतात, आणि तेवढ्यावर मला जाग येते. मग मी दादाला हाक मारते मोटारीसाठी, वहिनीला ड्रमसाठी, वरच्या काकूंचं दार वाजवते. माझा आवाज तेव्हा कसा लागत असेल हे मी कधी ऐकलेलं नाही. चिमी ऐकते, कूस बदलते, झोपते. तिच्यासाठी आत्या म्हणजे अंधारातला ‘पाणी आलंऽऽ’ एवढा आवाज. दुसरं काही होऊ शकले असते मी. पुण्याच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय आणि कपाटात ते जिथे ठेवलंय तिथून हलवलेलं नाही, पण आज त्याबद्दल लिहायचं नाही.

आज संध्याकाळी शेवटी विचारलंच. ती गृहपाठ करत होती, कंपासपेटीचं झाकण उघडझाप करत. म्हटलं, चिमे, मला उठवायचं काम का गं दिलंस?

वर न बघता म्हणाली, “मग कोण करणार? बाबांना ऐकूच येत नाही.”

“लवणासुर?”

“तो रडत असतो. रडताना दुसरं काही ऐकू येत नाही, आत्या.”

यावर काय बोलणार? कालची रात्र डोळ्यांपुढे आली. तरी मी सोडलं नाही. त्याला सोमवारची सुट्टी आहे, मला का नाही, असं विचारलं. विचारताना आवाज जरा चढला असावा, कारण तिने पेन्सिल खाली ठेवली आणि माझ्याकडे नीट बघितलं.

“तुला आहे की. पाणी येतं त्या दिवशी काम. बाकीचे दिवस सुट्टी.” बोटांवर मोजलं तिने. “सहा. सगळ्यांत जास्त तुलाच आहे. म्हणून लिहिली नाही, बाकीचे भांडले असते.”

“आणि त्या सहा दिवसांत मी काय करते?”

तिने नकाशाकडे बघितलं, मान वाकडी करून, माझ्या घराच्या आजूबाजूला जागा शोधत. घराला लागून बारावा बंबा, पलीकडे जातं, अलीकडे वहिनीची पाचवी बाग.

“ते मावलं नाही,” म्हणाली, आणि पुन्हा पेन्सिल उचलली. हातचा घ्यायला विसरलीस, म्हटलं. घेतला तिने.

तेव्हापासून बरं वाटतंय, का ते सांगता येत नाही. दुखायचं पूर्ण गेलेलं नाही. पण सहा दिवस कुणी असे एकदम हातात ठेवले की मोजत बसावंसं वाटतं. आज मंगळवार, म्हणजे सहावा संपला, आणि या आठवड्यातल्या सहाचं मी काय केलं ते आठवू पाहतेय. गुरुवारी संध्याकाळी गच्चीवर बसून अख्खी नहर तिला वहीत काढून दिली, उतार दाखवायला पाटी तिरकी धरून वर वाटीतलं पाणी सोडलं. शनिवारी झोपले. रविवारी वहिनीबरोबर पापड. बाकीचे तीन आठवत नाहीत.

आत्ता नकाशात बघत होते तर माझं घर चांगलंच उंचावर काढलंय तिने. तिथून तेराही बंब्यांची नाकं दिसत असणार. खिडकीसुद्धा आहे, आधी लक्षात आली नव्हती. दाराएवढी मोठी.

ड्रम धुवून पालथा घातलाय. मोटारीची वायर मोरीच्या कडेने लावून ठेवली. पातेलं नळाखाली आहे. चिमीला हवेबद्दल इतकं सांगितलं, बंबे काय, नाकं काय, पण नळ श्वास सोडतो तो आवाज तिने एकदाही ऐकलेला नाही, कारण ती जागी होते तोवर पाणी आलेलं असतं. आज दादाच्या आधी तिला उठवणार आहे. उद्या शाळा आहे, वहिनी ओरडेल. पण पातेल्याशेजारी पाट टाकून ठेवलाय, दोघींपुरता.