नाथसागरातलं उताणं पाणमांजर

पैठणच्या वरच्या अंगाला, धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे नाथसागरात, मासे धरणाऱ्यांची तंगूसची (नायलॉनच्या बारीक धाग्याची) जाळी फाटत होती. पाहणीला गेलो तर पुरावा म्हणून आधी मोबाइलच पुढे आला. व्हिडिओत पाण्यावर उताणं पडलेलं केसाळ जनावर, छातीवर दगड आणि त्यावर शिंपला आपटणं चालू. "साहेब, बघा की, झोपल्या झोपल्या खायलंय. तंगूस यानंच फाडलं."

हे जनावर गोदावरीतलं नव्हे, उत्तर पॅसिफिकच्या थंड किनाऱ्यावरचं समुद्री पाणमांजर. पण नुसतं 'नाही' म्हणून कुणाचं समाधान होत नसतं, म्हणून व्हिडिओ थांबवून थांबवून दाखवला. अंग गडद तपकिरी आणि डोकं फिकट, जवळजवळ पांढुरकं. वय वाढतं तसं या जातीचं तोंड आणखी पांढरं होत जातं. आजूबाजूला पट्ट्यासारखं लांब समुद्रशेवाळ. नाथसागराच्या काठाला बेशरम आणि जलपर्णी, हे कुठून येणार?

ते उताणं तरंगतं त्याला कारणं आहेत. त्याच्या कातडीखाली सील-देवमाशासारखा चरबीचा थर नसतो. ऊब धरतात ते केस, एका चौरस सेंटीमीटरला दीड लाखापर्यंत. त्या केसांत हवा अडकते, शिवाय आकाराच्या मानानं फुप्फुसं मोठी, त्यामुळे अंग आपोआप वर राहतं. पंजांवर केस विरळ, म्हणून थंडी वाचवायला ते पंजे पाण्याबाहेर धरतं. छातीचं ताट होतं. पिल्लाची लव तर इतकी हवा धरते, की त्याला बुडीच मारता येत नाही. केस तेलानं माखले की हवा निघून जाते आणि जनावर गारठून मरतं. 1989 मध्ये अलास्कात तेलवाहू जहाज फुटलं तेव्हा तेच झालं.

आपल्या नद्यांतलं मऊ केसांचं पाणमांजर साधारण 7 ते 11 किलोचं, समुद्री नर 45 किलोपर्यंत जातो. आपलं पोहताना पालथंच. डोकं चपटं, कान-डोळे-नाक पाण्याच्या रेषेला लागून, मागे पाठीची थोडी पट्टी. बुडी मारताना पाठीची कमान होते आणि शेवटी शेपूट दिसतं, ते मुळाशी जाड आणि टोकाकडे चपटं. मोठा मासा ते काठावर नेऊन खातं. अंगाच्या रंगावर मात्र भरवसा ठेवू नये. ओलं झालं की मखमली तपकिरी अंग काळं दिसतं, उन्हात सुकलं की भुरकट. गळा आणि हनुवटी फिकट असते, तीच बघावी.

लांबून सगळ्यात जास्त फसवतो पाणकावळा. त्याची पिसं भिजतात, अंग खोल बसतं आणि वर फक्त मान राहते. तिरंदाज पक्ष्याचंही तसंच. चोच दिसेपर्यंत दुर्बीण खाली ठेवू नये.

मग काठ धुंडाळला. पाणमांजर असेल तर उंच दगडावर किंवा वाळूवर सगळ्या कळपाची एकच शी करायची जागा सापडते: खवले, काटे आणि माशाचा उग्र वास. ओल्या गाळात पाच बोटांचा ठसा, मध्ये पडद्याची खूण. कुत्र्याची बोटं चारच. आम्हाला मिळाले ते कुत्र्याचेच ठसे, आणि वासाची जागा एकही नाही.

जाळ्याचं कोडं जाळ्यानंच सोडवलं. थर्माकोलच्या तराफ्यावरून जाळ्याची दुसरी लड ओढली, तर तीत मऊ पाठीचं कासव गुरफटलेलं. शेजारच्या रोहूचं पोट उकरलेलं, भोवतीचं तंगूस नख्यांनी ओढून तुटलेलं. कासव चावतं, म्हणून कवचाच्या मागच्या कडेला धरून, मानेजवळचा धागा आधी कापून त्याला सोडलं. लड रात्रभर पाण्यात ठेवण्यापेक्षा मध्ये एकदा ओढून पाहिली, तर मासाही वाचतो आणि कासवही बुडून मरत नाही. जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वास घ्यायला वर येता येत नाही. नव्या तंगूसचा खर्च कोण देणार, हा मात्र त्यांचा रास्त प्रश्न होता आणि त्याचं उत्तर माझ्या कागदात कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं.