बी४५० बोर्डावर ५७००एक्स३डी, आणि मामेभावाच्या मशीनसाठी इंटेल

मागच्या नोंदीत म्हटलं होतं तसा एएमडीचा जुना प्रोसेसर, रायझन ५ २६००, अखेर मदरबोर्डावरून उतरला. त्याच बी४५० बोर्डावर, तीच १६ जीबी डीडीआर४ रॅम आणि तोच एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ठेवून आता एएमडीचाच रायझन ७ ५७००एक्स३डी चालतोय. मधल्या काळात मामेभावाच्या नव्या मशीनचंही ठरलं, आणि तिथे मी त्याला इंटेल घ्यायला लावलं. दोन्ही निर्णय एकाच हिशोबातून निघालेत, म्हणून एकत्रच लिहिते.

प्रोसेसर स्वस्त की महाग हे बिलातल्या त्याच्या एका ओळीवरून कळत नाही. बोर्ड, रॅम, कूलर धरून किती गेले आणि पुढच्या वेळी त्यातलं काय काय परत वापरता येईल, हे मांडल्याशिवाय तुलनाच होत नाही. माझ्यापुढे तीन वाटा होत्या. एएमडीच्या नव्या एएम५ सॉकेटवर (बोर्डावर प्रोसेसर बसतो ती जागा) जायचं तर चिप, बोर्ड आणि डीडीआर५ रॅम असं सगळंच नवं. इंटेलचा १२४००एफ घेतला तर रॅम वाचते, कारण त्याच्या एलजीए१७०० सॉकेटचे डीडीआर४ घेणारे बोर्ड मिळतात, पण बोर्ड नवा लागतोच. तिसरी वाट म्हणजे आहे त्याच सॉकेटमध्ये नवी चिप. ५७००एक्स३डीला त्याच सॉकेटच्या रायझन ५ ५६००च्या जवळपास दुप्पट मोजावे लागले, तरी एकूण खर्चात तो इतर दोन्ही वाटांपेक्षा मला परवडला. कारण बाकी सगळ्या ओळींपुढे शून्य होतं.

आता एवढे पैसे एक्स३डीतल्या जास्तीच्या कॅशसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या पण वेगवान मेमरीसाठी, का मोजले, ते सांगते. २६००मध्ये एल३ (तिसऱ्या पातळीची) कॅश १६ एमबी, पण ती सलग नाही. तीन कोअरचा एक गट आणि त्याची ८ एमबी, दुसऱ्या तीन कोअरचा दुसरा गट आणि त्याची ८ एमबी. एका गटाला दुसऱ्याकडचा डेटा हवा असला की वळसा घालून जावं लागतं. झेन ३ पिढीपासून (माझी नवी चिप याच पिढीची) एएमडीने आठही कोअर एकाच ३२ एमबी कॅशभोवती आणले. एक्स३डीमध्ये त्यावर आणखी ६४ एमबीचा थर रचलाय, म्हणजे एकूण ९६. मी मुख्यतः फ्लाइट सिम्युलेटर चालवते. त्यात एक मुख्य थ्रेड सतत तोच तो डेटा मागत असतो आणि कॅशमध्ये नाही सापडला की रॅमपर्यंत हेलपाटा पडतो. ग्राफिक्स कार्ड आरएक्स ६६०० आहे. मोठ्या विमानतळावर उतरताना पूर्वी हे कार्ड निम्मं रिकामं बसायचं आणि फ्रेम तिशीच्या खाली जायच्या. आता त्याच धावपट्टीवर, त्याच सेटिंगला कार्ड पूर्ण भरतं. सरासरी वाढली हे आहेच, पण मला जास्त आनंद झाला तो मधले झटके गेल्याचा. वळण घेताना चित्र अडकत नाही, आणि सिम्युलेटरवाल्यांना त्याची किंमत सांगायला नको.

पण हे डोळे झाकून घेऊ नका. रेंडरिंग किंवा व्हिडिओ हे तुमचं काम असेल तर साधा ५७००एक्स बरा. त्याचा बूस्ट, म्हणजे कमाल वेग, ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, एक्स३डीचा ४.१वरच थांबतो, आणि अशा कामांत जास्तीची कॅश नुसती बसून राहते. आणखी एक सावधगिरी: ५५०० आणि ५६०० ही नावं शेजारशेजारची वाटतात, पण ५५००मध्ये एल३ निम्मीच, १६ एमबी. गेमिंगसाठी थोडे पैसे वाचवायला म्हणून ५५०० घेणं मला पटत नाही.

प्रत्यक्ष बदलताना काय काय केलं, ते जुन्या एएम४वाल्यांच्या (बी४५०चा सॉकेट तोच) उपयोगाचं आहे. आधी बोर्डाच्या पानावर प्रोसेसरची यादी उघडून कोणत्या बायोसपासून (बोर्डावरचं मूळ सॉफ्टवेअर) एक्स३डी चालतो ते पाहिलं. जुनी चिप बसलेली असतानाच बायोस अपडेट केला, पेन ड्राइव्ह एफएटी३२मध्ये फॉरमॅट करून आणि मशीन यूपीएसवर ठेवून. बऱ्याच जुन्या बोर्डांवर बायोसची चिप १६ एमबीचीच आहे. इतक्या पिढ्यांचे प्रोसेसर त्यात मावत नाहीत, म्हणून काही कंपन्यांनी नव्या बायोसमधून अगदी जुन्या चिपांचा आधार काढून टाकला. तेव्हा अपडेटसोबतचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

मग कूलर. एएम४ची चिप पिनांची आहे आणि सॉकेटची पकड तशी ढिली. चिप आणि कूलरमधली उष्णता वाहणारी पेस्ट वाळलेली असेल तर कूलर ओढताना चिप त्याला चिकटून पिनांसकट वर येते. म्हणून आधी वीसेक मिनिटं प्रोसेसरवर पूर्ण भार टाकून पेस्ट गरम होऊ दिली, मशीन बंद केलं, स्क्रू सोडले आणि कूलर वर न खेचता डावी-उजवीकडे हळूहळू फिरवत सोडवला. चिप जागच्या जागी राहिली.

नवी चिप बसवून चालू केल्यावर पडद्यावर एफटीपीएमचा (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारा प्रोसेसरमधला भाग) इशारा येतो, नवा प्रोसेसर बसलाय तेव्हा जुन्या किल्ल्या पुसायच्या का, असं विचारणारा. ड्राइव्हवर बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला कुलूप लावणं) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधीच कागदावर लिहून ठेवा, नाहीतर इथेच घोडं अडतं. बायोस अपडेटनंतर एक्सएमपीही (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) बंद होतं आणि रॅम मूळ वेगावर घसरते. ते परत चालू करून ३२०० दिसल्यावरच मी पुढच्या चाचण्या घेतल्या.

तापमानाचं काम अजून चालू आहे. थराखाली गाडलेल्या कोअरची उष्णता बाहेर यायला वेळ लागतो, त्यामुळे वीज फार खात नसूनही आकडा चढा दिसतो. प्रत्येक कोअरचं व्होल्टेज थोडं खाली आणल्यावर तो उतरला आणि बूस्टही जास्त वेळ टिकायला लागला. पुण्याचा उन्हाळा यायचाय, खरी परीक्षा तेव्हा.

आता मामेभावाचं. त्याच्याकडे जुना बोर्ड नाही, रॅम नाही आणि ग्राफिक्स कार्ड पुढच्या वर्षी घेणार. "ताई, तुझ्याकडे एएमडी आणि मला इंटेल का?" असं त्याने विचारलंच. कारण एवढंच की ५६००मध्ये ग्राफिक्स नाही. ५६००जीमध्ये आहे, पण कॅश १६ एमबी. इंटेलचा १२४०० घेतला, शेवटी एफ नसलेला, की यूएचडी ७३० ग्राफिक्स आतच येतं. वर्षभर कॉलेजचं काम आणि थोडं व्हिडिओ एडिटिंग त्यावर आरामात निघेल, आणि कार्ड आल्यावर सहाही कोअर गेमिंगला पुरे पडतील. बोर्ड मात्र बी६६०चाच घ्यायला लावला. एच६१०वर रॅमचे स्लॉट दोनच आणि रॅम ओव्हरक्लॉकिंगही नाही. पुढे त्याच सॉकेटमध्ये वापरलेला १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय७, आय९ टाकायचा विचार असेल तर जपून. २०२४मध्ये व्होल्टेजच्या गोंधळामुळे या चिपा अस्थिर होत असल्याचं उघड झालं. इंटेलने मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, पण आधीच खराब झालेली चिप मायक्रोकोडने बरी होत नाही.

कोणत्या कंपनीची बाजू घ्यायची, हा प्रश्न मला खरंच पडत नाही. जानेवारी २००७च्या क्यू६६००पासून जानेवारी २०१७च्या ७७००केपर्यंत, साधारण दहा वर्षं, इंटेलने मुख्य प्रवाहातल्या डेस्कटॉपला चार कोअरच्या पुढे जाऊ दिलं नाही. मार्च २०१७मध्ये रायझन आला, ३२९ डॉलरला आठ कोअर मिळायला लागले, आणि त्याच ऑक्टोबरात इंटेलला सहा कोअरचा ८७००के सापडला. मग २०२०च्या नोव्हेंबरात एएमडी पुढे गेली आणि तिनेही तेच केलं. ५६००एक्स आला २९९ डॉलरला, आणि बराच काळ त्याच्याखाली स्वस्त असं काही आलं नाही. जानेवारी २०२२मध्ये इंटेलचा १२४०० बाजारात उतरला आणि एप्रिलमध्ये एएमडीचा ५६०० १९९ डॉलरला हजर. बी४५०वर झेन ३ चालणार नाही असंही एएमडीनेच मे २०२०मध्ये सांगितलं होतं. गिऱ्हाईक चिडलं, तेव्हा त्याच महिन्यात शब्द फिरवला. माझा आजचा पैसे वसूल सौदा त्या चिडलेल्या लोकांनी मिळवून दिलाय, याची मला मनापासून जाणीव आहे. म्हणून इंटेल अडचणीत आली की टाळ्या वाजवणाऱ्यांशी माझं जमत नाही.

पुढच्या नोंदीत भिंतीच्या सॉकेटला मीटर लावून दोन्ही मशीनचा विजेचा खर्च मोजणार आहे, रिकामं असताना आणि पूर्ण भाराखाली. तोवर एक विनंती: कोणाकडे बी३५० किंवा ए३२० बोर्डावर एक्स३डी चालत असेल तर भाराखाली व्हीआरएम (बोर्डावरचा प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) किती तापतं ते कळवा. उतरलेला २६०० एका मैत्रिणीच्या ए३२० बोर्डावर जाणार आहे, आणि उद्या तिलाही हीच बढती हवी असली तर तो बोर्ड झेपवेल का, ते आत्ताच ठरवायचंय.