गिबचे स्क्रू ढिले पडू नयेत म्हणून: माझा अनुभव

माझ्या घरच्या छोट्या लेथवर (धातूचा तुकडा फिरवत कापण्याच्या यंत्रावर) पोलाद कापताना टूल थरथरू लागे आणि कापलेल्या तुकड्यावर बारीक लाटा उमटत. क्रॉस स्लाइड, म्हणजे टूलला आडवे पुढे-मागे नेणारा सरकता भाग, हाताने हलवून पाहिली की गिब पट्टीचे (स्लाइडमधली फट भरून ती डगमगू न देणाऱ्या पट्टीचे) स्क्रू पुन्हा ढिले झालेले आढळत. ते नीट बसवले तरी काही कामांनंतर स्थिती पूर्ववत होई.

हे स्क्रू करकचून आवळण्यासाठी नसतात, हीच खरी अडचण आहे. साधा बोल्ट आवळताना ताणला जातो आणि त्या ताणामुळे जागेवर राहतो; गिबचा स्क्रू मात्र पट्टीला केवळ टेकलेला असतो, कारण तो पूर्ण आवळला तर स्लाइड सरकणारच नाही. जर्मन अभियंते गेरहार्ड युंकर यांनी 1969 मध्ये प्रयोगांनी दाखवले की, बोल्टच्या अक्षाला आडव्या दिशेने होणारी हालचाल त्याला सर्वाधिक लवकर सैल करते, आणि क्रॉस स्लाइड पुढे-मागे करताना गिबच्या स्क्रूवर नेमकी तशीच हालचाल लादली जाते. एम-4 (4 मिलिमीटर व्यासाच्या) स्क्रूचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात सरकण्याचे अंतर, 0.7 मिलिमीटर असल्याने तो केवळ 10 अंश फिरला तरी टोक सुमारे 0.02 मिलिमीटर मागे सरकते, आणि लेथवर तेवढे पुरते. स्प्रिंग वॉशरची शिफारस अनेकजण करतात. पण गिबचे स्क्रू ग्रब स्क्रू असतात आणि ग्रब स्क्रूला डोकेच नसते, मग वॉशर दाबायचा कशाखाली?

स्क्रू फिरू नये म्हणून त्यावर बाहेरून आवळायचे चेक नट होतेच, तरीही स्क्रू जागेवर टिकत नव्हते. एक नट काढून पाहिला तेव्हा त्याखालच्या रंगावर नटाच्या कडांचा षटकोनी ठसा उमटलेला दिसला. रंगाचा थर दाबला गेला की नटाचा ताण निघून जातो. म्हणून मी प्रत्येक नटाखालचा रंग खरवडून बीड उघडे केले आणि तिथे कडक पोलादी वॉशर घातला. स्क्रूंची टोकेही तपासली. ती वाटीसारखी पोकळ होती आणि त्यांची कडा पट्टीवरील खळग्यात तिरकी बसत होती, त्यामुळे स्लाइडची दिशा बदलली की पट्टी डोलत असे आणि स्क्रूला ढकलत असे. ते स्क्रू त्याच लेथच्या चकमध्ये (फिरत्या पकडीत) धरून, आट्यांभोवती पातळ तांब्याचा पत्रा गुंडाळून, टोके गोलसर केली. माझ्या मते सर्वांत जास्त फरक याच कामाने पडला.

नट आवळताना स्क्रूही सोबत फिरतो आणि पट्टी अधिक घट्ट होते. त्यामुळे 2 मिलिमीटरची अॅलन की स्क्रूमध्ये घट्ट धरून 7 मिलिमीटरच्या पान्याने नट आवळावा लागतो, आणि तरीही माप आधी किंचित सैलच ठेवावे लागते. प्रत्येक नटानंतर स्लाइड एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून पाहिली. शेवटी डायल गेजचे (बारीक हालचाल काट्याने दाखवणाऱ्या मापकाचे) टोक स्लाइडला लावून, हाताने दाबल्यावर काटा किती हलतो तेही पाहिले.

क्रॉस स्लाइडच्या वर बसणाऱ्या छोट्या कंपाउंड स्लाइडवर मात्र नटासाठी जागाच नव्हती. तिथे पुण्याच्या बोहरी आळीतून आणलेले कमी ताकदीचे जांभळे लॉकटाइट 222 हे आटे चिकटवणारे द्रव्य वापरले, जे पुढे साध्या हत्याराने सोडवता येते. हे द्रव्य हवा नसलेल्या ठिकाणी, धातूच्या संपर्कात घट्ट होते. म्हणूनच त्याच्या बाटलीत मुद्दाम हवा ठेवलेली असते. आट्यांतले तेल अॅसिटोनने काढले, एकच थेंब लावला, स्क्रू योग्य जागी आणले आणि 24 तास लेथला हात लावला नाही. थेंब जास्त झाला तर तो गिबच्या पट्टीपर्यंत ओघळून ती चिकटण्याची भीती असते, त्यामुळे इथे हात आखडताच ठेवावा. ज्यांना वरचेवर माप बदलावे लागते त्यांनी त्याच भोकात मागून दुसरा आखूड ग्रब स्क्रू घालून पहिल्यावर आवळावा. भोक पुरेसे खोल असेल तर हा मार्ग अधिक स्वच्छ आहे.

शेवटी प्रत्येक स्क्रूपासून शेजारच्या बिडापर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढली आहे, जेणेकरून काही सरकल्यास गेज न लावताही कळेल. कंपाउंडचा मागचा स्क्रू अजून थोडा सरकतो, आणि त्याचे भोकच झिजले असावे असा माझा अंदाज आहे. तिथे आटे नव्याने पाडून एम-5 स्क्रू बसवणार आहे.