थेंब सुकण्याआधी

दसऱ्याच्या पूजेला गाडी स्वच्छ धुतलेली असावी, हा आमच्या घरी वडिलांनी घालून दिलेला नेम आहे. तीन वर्षांपूर्वी मात्र त्या सकाळी उशीर झाला, आणि ऑक्टोबरच्या उन्हाने पत्रा चांगला तापलेला असताना साडेअकराच्या सुमारास मी आमची गडद निळी गाडी सोसायटीच्या मोकळ्या आवारात धुवायला घेतली. शाम्पू लावला, पाइपने भरपूर पाणी मारले आणि झेंडूचा हार ओवून होईपर्यंत गाडी आपोआप वाळेल, या समजुतीने घरात गेलो. वीस मिनिटांनी हळद-कुंकवाचे ताट घेऊन खाली आलो, तेव्हा बॉनेटपासून डिकीपर्यंत बारीक पांढुरकी वर्तुळे उमटली होती. ओल्या फडक्याने पुसली की ती नाहीशी होत, आणि पत्रा वाळला की पुन्हा जागच्या जागी दिसू लागत. नंतर पॉलिश करून त्यांतली बरीचशी निघाली; बॉनेटवरची काही आजही तिरप्या उजेडात दिसतात. तेव्हापासून मी गाडी धुण्यापेक्षा ती वाळवण्याकडे अधिक लक्ष देऊ लागलो. डाग पडू नयेत यासाठीचे निम्मे काम टॉवेल हातात घेण्याआधीच झालेले असावे लागते, असे माझे आता ठाम मत आहे.

आम्ही वाघोलीला राहतो. टँकर आणि बोअर यांच्यावर आमच्या सोसायटीची बरीचशी मदार आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपत आलेल्या भूजलात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असते, शिवाय थोडी सिलिकाही असते. पाणी उडून जाते, हे पदार्थ मात्र उडत नाहीत. बायकार्बोनेटमधील कार्बन डायऑक्साइड निघून गेला की मागे कॅल्शियम कार्बोनेट उरते. गिझरच्या कॉइलवर आणि बाथरूमच्या नळावर जो पांढरा थर बसतो, तोच हा. लिटरमागे 600 मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी घ्या आणि धुऊन झाल्यावर गाडीवर पाव लिटर पाणी उरले असे धरा. ते जागच्या जागी वाळले, तर 150 मिलिग्रॅम भुकटी गाडीवर शिंपडल्यासारखे होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या घन पदार्थांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत मुभा आहे. म्हणजे जे पाणी पिण्यास योग्य ठरते, तेही गडद रंगाच्या गाडीवर स्पष्ट डाग पाडू शकते.

डागाचा आकार वर्तुळासारखा का असतो, हे समजून घेण्यासारखे आहे. थेंबाची कड पत्र्याला धरून राहते आणि बाष्पीभवन कडेलाच सर्वांत वेगाने होते. त्यामुळे आतले पाणी सतत कडेकडे ओढले जाते आणि त्यासोबत आलेला ऐवज तिथेच साचतो. सांडलेल्या कॉफीचा डाग मध्ये फिकट आणि कडेला गडद का दिसतो, याचे स्पष्टीकरण शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी 1997 मध्ये याच प्रवाहाच्या आधारे दिले. गाडीवरचा थेंब सुकत जातो तसतसे उरलेले पाणी अधिकाधिक क्षारट होत जाते, आणि गरम पत्र्यावर हे सारे काही मिनिटांत घडते. डाग तसाच राहून वारंवार उन्हात तापला, तर तो वरवरचा न राहता रंगावरच्या पारदर्शक थराला, म्हणजे क्लिअर कोटला, खड्डा पाडू लागतो. हा थर बहुतेक गाड्यांवर 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसापेक्षाही पातळ असतो. प्रत्येक पॉलिशमध्ये त्याचा थोडा भाग खरवडला जातो. म्हणून ‘डाग पडले तर पॉलिश करून घेऊ’ हा विचार मला पटत नाही.

सर्वांत आधी वेळ आणि जागा. सकाळी सातच्या आत, सावलीत, इंजिन पूर्ण थंड असताना धुवावे आणि बॉनेटला हाताचा पालथा पंजा लावून पत्रा गार असल्याची खात्री करावी. आमच्याकडे पहाटे गाड्या पुसायला येणाऱ्या काकांना मी एकदा विचारले, की ते नेहमी आमच्याच रांगेपासून सुरुवात का करतात. ते म्हणाले, “साहेब, तुमच्या रांगेत ऊन पहिलं येतं आणि गाड्या सगळ्या काळ्या-निळ्या. पांढऱ्या गाडीवरचा डाग कोण बघतो?” इतक्या नेमक्या शब्दांत ही गोष्ट मला दुसऱ्या कोणी सांगितली नव्हती. धुताना संपूर्ण गाडी सतत ओली ठेवणेही तितकेच आवश्यक आहे. एका बाजूचे दार घासत असताना दुसऱ्या बाजूचे दार वाळू लागले, तर शाम्पू आणि क्षार दोन्हींचे ओघळ तिथे धरतात. म्हणून उन्हाळ्यात मी अर्धी गाडी धुऊन, पुसून, मगच उरलेली अर्धी घेतो.

आता शेवटच्या पाण्याविषयी, कारण माझ्या अनुभवात सर्वाधिक फरक इथेच पडतो. पाइपला नोझल लावून फवारा मारला की पत्र्यावर असंख्य थेंब सुटे राहतात. तेच पाणी नोझल काढून, पाइप पत्र्याच्या अगदी जवळ धरून, संथ धारेने टपावरून सोडले तर ते सलग चादरीसारखे खाली उतरते आणि जाताना उभे राहिलेले थेंब आपल्यात ओढून नेते. बहुतेक पाणी अशा रीतीने गुरुत्वाकर्षणानेच निघून जाते आणि टॉवेलला पुसण्यासाठी फार थोडे उरते. आमच्याकडे टँकरच्या पाण्यावर पाइप लावणे योग्य वाटत नाही, म्हणून मी बागेतली झारी वापरतो. तिच्या तोंडाची जाळी काढली की हवी तशी जाड, शांत धार मिळते, आणि टप, काचा, बॉनेट व डिकी यांवरून शेवटचे पाणी फिरवायला पाच-सहा लिटर पुरतात.

हे पाच-सहा लिटर पाणी कोणते असावे, हा खरा प्रश्न आहे. घरातल्या आरओ यंत्राचे सांडपाणी वाया जाऊ नये म्हणून गाडी धुण्यासाठी वापरा, असा सल्ला अनेक सोसायट्यांच्या सूचनाफलकावर असतो. पाणी वाचवण्याचा हेतू मला मनापासून मान्य आहे. परंतु आरओच्या पडद्याने अडवलेले सगळे क्षार त्याच सांडपाण्यात आलेले असल्यामुळे ते मूळ पाण्यापेक्षाही अधिक क्षारयुक्त असते. त्याने फरशी पुसावी, गाडीची चाके आणि चिखल भरलेल्या चाकांच्या कमानी धुवाव्यात. रंगावरून फिरणारे शेवटचे पाणी म्हणून मात्र ते कधीही घेऊ नये. त्याऐवजी आरओचे शुद्ध पाणी थोडेसे बाजूला काढून ठेवावे. पावसाळ्यात पहिल्या काही सरींनी गच्ची धुऊन निघाल्यावर बादलीत धरलेले पाऊसपाणी तर याहून चांगले, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतातच. माझी धाकटी बहीण डोंबिवलीला राहते; तिथल्या दमट हवेत एसीच्या नळीतून बादलीभर पाणी सहज जमते. तेही हवेतल्या बाष्पाचेच पाणी असते, आणि फडक्यातून गाळून घेतले की या कामाला उत्तम चालते. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काहीशे रुपयांत मिळतो. टँकर बदलला की आकडा किती बदलतो, हे एकदा पाहिले की पुढे तो पाहण्याची सवयच लागते.

एवढे झाल्यावर टॉवेल. वडील त्यांच्या गाडीला बाजारात मिळणारे पिवळे फडके वापरत, आणि घरोघरी जुन्या पंचाचे किंवा बनियनचे तुकडेही वापरले जातात. सुती कापड पाणी शोषते, पण धूळ पोटात घेत नाही. ती पृष्ठभागावरच राहते आणि घासताना रंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे उमटवते. मायक्रोफायबरचे धागे पॉलिएस्टर आणि पॉलिअमाइड यांचे, बहुधा 80 आणि 20 किंवा 70 आणि 30 या प्रमाणात असतात. ते चिरलेले असल्यामुळे त्यांच्या फटींत पाणी आणि कण दोन्ही ओढले जातात. एक मोठा, जाड टॉवेल आणि दोन लहान टॉवेल इतके पुरे आहे. मोठा टॉवेल आधी किंचित ओला करून घट्ट पिळून घ्यावा, कारण अगदी कोरडा टॉवेल सुरुवातीला पाणी शोषण्याऐवजी पुढे ढकलतो. मग तो पत्र्यावर पूर्ण पसरावा, वरून हाताने हलके दाबावे आणि दोन टोके धरून संथपणे स्वतःकडे ओढावे. घासण्याची, गोल फिरवण्याची, जोर लावण्याची काहीही गरज नसते. टपापासून सुरुवात करून काचा, बॉनेट, डिकी, दारे आणि सर्वांत शेवटी खालचा भाग, असा क्रम ठेवावा. चाकांचे फडके कायम वेगळे असावे. टॉवेल जमिनीवर पडला, तर तो त्या दिवसापुरता बाद समजावा. धुताना त्याला कपड्यांचे कंडिशनर लावू नये, कारण त्याचा थर धाग्यांवर बसतो आणि शोषण कमी होते.

सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर चढवला जाणारा संरक्षक थर, केले की पुसण्याची गरज उरत नाही, हा समज मी अनेकांकडून ऐकला आहे आणि तो चुकीचा आहे. कोटिंगमुळे किंवा वॅक्समुळे थेंब गोल आणि उंच राहतात, सहज घरंगळतात आणि टॉवेलचे काम सोपे होते. परंतु जो थेंब राहिला, त्यातले सगळे क्षार छोट्याशा जागेत एकवटतात. उन्हात उभ्या असलेल्या कोटिंगच्या गाडीवर मी सर्वांत ठळक ठिपके पाहिले आहेत.

एवढे करूनही एखादा डाग राहिलाच, तर तो त्याच दिवशी काढावा. पांढरे व्हिनेगर आणि शुद्ध पाणी समप्रमाणात घेऊन, गार पत्र्यावर, ओल्या मायक्रोफायबरने तो भाग मिनिटभर ओला ठेवावा. सौम्य आम्लात कॅल्शियम कार्बोनेट विरघळते. नंतर तिथे भरपूर पाणी टाकून लगेच कोरडे करावे, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा क्रोमच्या पट्ट्यांना ते लागू देऊ नये. काचेवरचे जुने डाग याने हलले नाहीत, तर त्यात सिलिका असण्याची शक्यता मोठी. व्हिनेगर तिथे निरुपयोगी आहे आणि काचेसाठीच्या पॉलिशचाच उपयोग होतो.

पुसून झाल्यावर मी दारे, डिकी आणि पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडून त्यांच्या कडा टिपून घेतो आणि सोसायटीभोवती एक फेरी मारतो. हलके ब्रेक लावत गेले की डिस्कवरचे पाणी निघून जाते, आणि वाऱ्याने आरशांच्या खोबणीत, दारांच्या हँडलमागे, नंबरप्लेटच्या कडेला लपलेले पाणी बाहेर येते. आरशाखालून दारावर उतरणारा तो एक ओघळ गाडी जागेवर उभी करून पाच मिनिटे झाली, की हमखास दिसतो. दुसरा लहान टॉवेल मी त्याच्यासाठीच शेजारच्या सीटवर ठेवलेला असतो.