अ‍ॅक्रोपोलिसवर, चाकांच्या खुर्चीतून

अथेन्सला जायचं ठरल्यावर ओळखीतल्या बहुतेकांनी एकच विचारलं, "अ‍ॅक्रोपोलिस खालूनच बघणार ना?" विचारण्यात काळजीच होती. समुद्रसपाटीपासून सुमारे दीडशे मीटर उंचीचा खडक, त्यावर प्राचीन ग्रीक देवळं, पायऱ्या, शतकानुशतकं पावलांनी झिजून गुळगुळीत झालेले दगड. व्हीलचेअरवरच्या माणसाने पायथ्याशी फोटो काढावा आणि परतावं, असंच सगळे धरून चालतात. मी वर जाऊन आले. कशी, ते नीट लिहिते.

सोबत भाची होती. अक्रोपोली मेट्रो स्टेशनला लिफ्ट आहे. बाहेर पडलं की वाहनांना बंद असलेला एक रुंद रस्ता टेकडीच्या कडेकडेने जातो. चढ आहे, पण बेताचा. पश्चिमेच्या मुख्य प्रवेशद्वाराशी पोचलं की पायऱ्यांकडे न वळता तिथल्या कर्मचाऱ्यांना सांगायचं. वर नेणारी लिफ्ट उत्तरेच्या कड्याला लागून आहे. २००४ च्या पॅरालिम्पिकच्या वेळी बसवलेली जुनी लिफ्ट वारंवार बंद पडायची. आताची ३ डिसेंबर २०२० ला, म्हणजे जागतिक अपंग दिनीच सुरू झाली.

पायी येणारे प्रॉपिलेया या भव्य द्वारातून आत शिरतात. लिफ्टने येणारा मात्र एरेक्थेऑन या देवळाच्या बाजूला निघतो. ते द्वार ओलांडण्याचा अनुभव आम्हाला मिळत नाही, याची मला खरंच रुखरुख लागली.

ऐतिहासिक वास्तूत फिरताना माझे डोळे कायम जमिनीवर असतात. पुढची छोटी चाकं दोन दगडांच्या फटीत गेली की खुर्ची जागीच थबकते आणि अंग पुढे फेकलं जातं. म्हणून पुढची हातभर जमीन वाचत जायचं: इथे खाच, तिथे उंचवटा, पलीकडे भुसभुशीत वाळू. कित्येक राजवाड्यांतली मला आठवते ती फक्त फरशी. इथेही मी सवयीने खालीच बघत होते.

"मावशी, अगं वर बघ ना!" भाची म्हणाली.

चाकांखाली काँक्रीटची रुंद, सपाट वाट होती. मी मान वर केली, आणि चालत्या खुर्चीतून पार्थेनॉन, म्हणजे तिथलं अथेना देवीचं मोठं देऊळ, बघत राहिले. खांब मध्यावर किंचित फुगीर आहेत, ते दिसलं. जुना संगमरवर मधासारखा पिवळसर, दुरुस्तीत बसवलेला नवा पांढराशुभ्र. एकाच खांबात दोन्ही रंग. १६८७ मध्ये व्हेनिसच्या तोफगोळ्याने आतला दारूगोळ्याचा साठा पेटला आणि मधला भाग उडाला, ती पोकळीही दिसली. आत कुणालाच सोडत नाहीत, त्यामुळे इथे सगळे पर्यटक आणि मी एकाच रेषेबाहेर उभे होतो.

ही वाट २०२० मध्ये रुंद केली तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. मूळ खडक झाकला गेला, जागेचं रूप बिघडलं, असा अनेक पुरातत्त्वज्ञांचा आक्षेप होता. खडक आणि काँक्रीट यांच्यामध्ये वेगळा थर आहे, वाट पुढे काढता येईल, असं त्यावर उत्तर दिलं गेलं. आक्षेप घेणाऱ्यांची त्या खडकावरची माया मला कळते. रंग खडकाशी आणखी मिळताजुळता हवा होता, हेही पटतं. पण वाटच नको, हे मला मान्य नाही. त्या खडकावर माया जडायलाही आधी तिथवर पोचावं लागतं.

एरेक्थेऑनच्या सज्जाला डोक्यावर तोलणाऱ्या स्त्रीमूर्ती प्रतिकृती आहेत. सहा मूळ मूर्तींपैकी पाच खालच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये आहेत. तिथे जमीन सपाट, लिफ्ट आहे आणि मूर्तींच्या मागेही जाता येतं. त्यांच्या पाठीवरच्या जाडजूड वेण्यांचा पेड न् पेड मी सावकाश बघून घेतला.

एक मात्र लक्षात ठेवा. वारा जोराचा असेल किंवा हवा बिघडली तर लिफ्ट बंद ठेवतात. म्हणून अथेन्सला पोचल्यावर अ‍ॅक्रोपोलिस पहिल्याच दिवशी ठेवा आणि हॉटेलमधून निघण्याआधी लिफ्ट चालू आहे का ते विचारून घ्या. बंद असेल तर त्या दिवशी म्युझियम बघा, वर दुसऱ्या दिवशी जा.